खिद्रापूरची फेरी

घराजवळचें तीर्थ पाहावयाचें राहून जातें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असेल. काशी-रामेश्वराची यात्रा पैसे सांठवून, पंचांग पाहून, सोबत जमवून एकदांची पार पडते. आणि चार कोसांवरचें देऊळ मात्र ‘केव्हांही जातां येईल’ या एका वाक्यापायीं जन्मभर राहतें. आमच्या घरीं असेंच झालें. आमचें बिऱ्हाड सांगलीस. नरसोबाच्या वाडीस वर्षांतून दोन-तीन खेपा ठरलेल्या. कोणाचा नवस असो, कोणाच्या मुंजीची अक्षत असो, नवें जोडपें पायां पाडावयाचें असो, मंडळी पहांटे निघतात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करितात, पादुकांचें दर्शन घेतात आणि बासुंदी व कवठाची बर्फी बांधून घेऊन दिवस मावळण्यापूर्वीं घरीं येतात. वाडीहून कुरुंदवाडावरून पुढें गेलें, म्हणजे तासाभराच्या आंत खिद्रापूर येतें. परंतु आमच्या मोटारीचें तोंड तिकडे कधीं वळलें नाहीं.

आमच्या वहिनींस या घरांत सून म्हणून येऊन आतां साठ वर्षें होतील. वाडीच्या प्रत्येक खेपेस घाटाच्या पायऱ्या चढतांना त्या एकदां विचारीत, “भाऊजी, तें हत्तींचें देऊळ येथून किती लांब हो?” पूर्वीं दादा आणि दादांच्या मागें आम्ही, ठरलेलें उत्तर देत असूं, “जवळच आहे. पुढच्या खेपेस जाऊं.” यंदा मार्गशीर्षांत वाडीस गेलों, तेव्हां वहिनी घाटाच्या वरच्याच पायरीवर बसल्या. “माझ्यानें आतां खालीं उतरवत नाहीं. तुम्ही स्नान करून या, मी येथून नदीला नमस्कार करतें,” असें म्हणाल्या. परत येतांना त्यांनीं खिद्रापूरचें कांहीं विचारलें नाहीं. प्रश्न आला नाहीं, म्हणूनच तो आम्हांस आठवला. आणि उत्तर देण्याचें जें काम साठ वर्षें लांबलें होतें, तें येत्या रविवारीं करावयाचेंच, असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें.

आम्ही स्वतः तें देऊळ पाहिलें होतें. पण वयाच्या चौदाव्या वर्षीं, १९७३ सालीं, शाळेच्या सहलीबरोबर. त्या सहलीचें म्हणाल तर नदीच्या वाळूंत बसून खाल्लेले भाजलेले शेंगदाणे तेवढे आमच्या स्मरणांत होते. निदान निघतांना तरी आमची तशी समजूत होती.

रविवारीं आम्ही सात जण निघालों: वहिनी, आमची सौभाग्यवती, धाकटे चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांचा नातू, सात वर्षांची नात आणि आम्ही. बरोबर दशम्या, तिळाची चटणी व दहीभात घेतला होता. दिवस उसाच्या तोडणीचे. रस्त्याच्या दोहों बाजूंस उंच ऊस, मधून मधून तोड झालेलें मोकळें रान आणि मोळ्यांनीं लादलेल्या गाड्यांच्या रांगा. हा सारा कृष्णाकांठचा मळीचा मुलूख. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत या भागानें फार सोसलें. परंतु हिवाळ्यांतली संथ नदी पाहून त्याची कल्पना करणें कठीण. नदीच्या बगलेंतच खिद्रापूर गांव आहे. पलीकडचीं गांवें कर्नाटकांतलीं. त्यामुळें येथल्या बोलण्यांत मराठी आणि कानडी दोन्ही शब्द एकमेकांशीं सोयरिकीनें नांदतात.

देवळांत शिरण्यापूर्वीं मुलांस आम्हीं स्थळाची कथा सांगितली. दक्षाच्या यज्ञांत सतीनें देह टाकला, हें ऐकून शंकर कोपले, तो कोप येथें शमेना, तेव्हां विष्णूनें त्यांची समजूत घातली. कोपलेला तो कोपेश्वर आणि समजूत घालणारा तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यांत दोन लिंगें आहेत. नातीनें लगेच विचारलें, “आणि नंदी कुठें आहे?” शिवालयांत प्रथम नंदीच्या कानाशीं लागण्याची तिला संवय. कोपेश्वरासमोर नंदी नाहीं. सती माहेरीं गेली ती नंदीवर बसून, आणि तो नंदी पलीकडे यडूर गांवीं राहिला, असें लोक सांगतात. “मग त्यानें एकट्यानें तिकडे कां राहावें?” या नातीच्या प्रश्नास आमच्या सर्व व्याकरणांत उत्तर नव्हतें.

देवळाचें तोंड पूर्वेस आहे. प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. ज्यांनीं तो पाहिला नाहीं, त्यांस तो शब्दांनीं दाखविणें अवघड; तथापि प्रयत्न करितों. अठ्ठेचाळीस खांबांचा एक मंडप कल्पावा. त्यांतले बारा खांब मध्यभागीं वर्तुळांत उभे आहेत. त्या बारा खांबांच्या डोक्यावर छत असावयास पाहिजे, तेथें छतच नाहीं. गोल आकाश आहे. छत पडलेलें नव्हे, बांधणारांनीं तें मुळांतच तसें मोकळें ठेविलें आहे. होमाचा धूर वर जावा म्हणून ही योजना, असें सांगतात. त्या गोलाच्या बरोबर खालीं जमिनींत तेवढीच एक वाटोळी शिळा बसविलेली आहे. आणि वर कडेनें अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह आहेत. आम्ही गेलों तेव्हां ऊन तिरपें होतें, त्यामुळें प्रकाशाचें चाक शिळेवर न पडतां एका बाजूच्या खांबांवर चढलें होतें. खांब कोठें चौकोनी, कोठें अष्टकोनी, कोठें जातें फिरवावें तसे गोल. काळा कठीण दगड, पण हात फिरविला तर घासलेल्या तांब्यासारखा गुळगुळीत लागतो. त्या शिळेवर उभें राहून सरळ पश्चिमेस पाहिलें, कीं पुढचा सभामंडप, त्यापुढील अंतराळ आणि अगदीं आंत गाभाऱ्यांतली समईची ज्योत, एका ओळींत दिसतात. उजेडांतून अंधाराकडे पायरीपायरीनें नजर नेण्याची ही युक्ति ज्यानें योजिली, त्यास देवाकडे कसें जावें हें ठाऊक होतें, एवढें खास.

वहिनींस आम्हीं हातास धरून शिळेपर्यंत आणलें. त्यांनीं मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलें, आणि म्हणाल्या, “आपल्या जुन्या वाड्याच्या चौकांत झोपून मी असेंच आकाश पाहत असें.” आमचा तो वाडा केव्हांच पाडला. आठशें वर्षांच्या मंडपांत उभें राहून वहिनींस आपला चौक आठवला, आणि आम्ही मात्र वास्तुशास्त्रांतले शब्द जुळवीत होतों.

बाहेरून प्रदक्षिणा घातली तेव्हां हत्ती दिसले. देवळाच्या खालच्या थरांत चोहोंकडे दगडी हत्तींची रांग आहे. जणूं सबंध देऊळ त्यांनीं पाठीवर घेतलें आहे. त्यांच्या पाठींवर देवतांच्या मूर्ति आहेत, गळ्यांत घंटा आणि माळा आहेत. पुष्कळांच्या सोंडा तुटल्या आहेत, मूर्तींचे हात गेले आहेत, कित्येकींस मुखच नाहीं. नात हत्ती मोजूं लागली आणि कोपऱ्यावर वळतांना प्रत्येक वेळीं चुकूं लागली. सूनबाई तिला म्हणाली, “मोजूं नकोस, एकेकाला नमस्कार कर, म्हणजे चुकणार नाहींस.” तेव्हांपासून तिची प्रदक्षिणा इतकी लांबली, कीं सौभाग्यवतीला तिच्यापाशीं थांबावें लागलें.

भिंतीवर वरच्या थरांत देव-देवता व सुरसुंदरी आहेत, आणि मधून मधून पंचतंत्रांतल्या गोष्टीही कोरल्या आहेत. आमच्या शिक्षकपणास येथें मोठीच संधि मिळाली. मित्रभेद, मित्रप्राप्ति, काकोलूकीय, लब्धप्रणाश, अपरीक्षितकारक, अशीं पांच तंत्रांचीं नांवें आम्हीं मुलांस ओळीनें सांगितलीं. मुलांनीं तीं ऐकून घेतलीं. मग तीं वहिनींच्या भोंवतीं जमलीं. कारण वहिनी खालीं बसून त्या प्राण्यांच्या गोष्टी सांगत होत्या. पस्तीस वर्षें आम्हीं पंचतंत्र शिकविलें, तें संधि सोडवून आणि समास फोडून. ज्यानें तें या दगडांत घातलें, त्यानें वहिनींची पद्धत स्वीकारली होती, असें कबूल केलें पाहिजे.

पण दक्षिणेच्या दाराशीं आमचा मान राहिला. तेथें बाहेरच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत संस्कृत लेख आहे. या देवळांतले इतर लेख कानडी. संस्कृत असा हा एकच. तो देवगिरीच्या यादव सिंघण राजाचा, शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ मधला. मुलांस आम्हीं त्याचा इतिहास सांगितला. हें देऊळ उभें राहिलें तें बाराव्या शतकांत, कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या राज्यांत. पुढें सिंघणानें दुसऱ्या भोजाचा पराभव करून १२१२ च्या सुमारास शिलाहारांचें राज्य आपल्या राज्यास जोडलें. जिंकलेल्या राजाच्या मुलुखांतलें हें देऊळ. तरी सिंघणानें त्याची हेळसांड न करितां मिरिंज देशांतलें एक गांव कोपेश्वरास दान दिलें. मिरिंज म्हणजे आपली मिरज, असें सांगतांच नातवाचे डोळे विस्फारले. कारण त्याची आत्या मिरजेस असते. लेखांतलीं अक्षरें कांहीं जुन्या वळणाचीं आहेत. तरी दोन-चार शब्द त्याला लावतां आले, आणि आठशें वर्षांपूर्वींचा मजकूर आपण वाचला, या आनंदांत तो उड्या मारीत आंत पळाला.

येथपर्यंतची फेरी कोणाही कुटुंबाची असते तशीच होती. यापुढील गोष्ट लिहावी कीं नाहीं, याचा आम्हीं दोन दिवस विचार केला. परंतु या सदरांतून आम्ही दर महिन्यास दुसऱ्यांच्या मुलांस वळण लावण्याविषयीं लिहीत आलों आहों; तेव्हां ही झांकून ठेवणें बरें नव्हे.

जेवणें होऊन मंडळी झाडाखालीं बसली असतां नातू दिसेना. आम्ही शोधीत मंडपांत गेलों, तों चिरंजीव एका खांबापाशीं उकिडवे बसलेले. हातांत अणकुचीदार दगड, आणि खांबावर आपल्या नांवाचें पहिलें अक्षर काढण्याच्या तयारींत. त्या खांबावर अगोदरच अनेकांनीं नांवें खरडलेलीं होतीं. कोणीं गांवासह, कोणीं तारखेसह. आम्हीं त्याचा हात धरला आणि आवाज चढवून म्हटलें, “हें काय करतोस? देवाच्या दारीं दगडाला जखम करतोस?”

मुलगा घाबरला, पण खोटें बोलला नाहीं, कीं रडलाही नाहीं. “सगळ्यांनींच लिहिलें आहे,” असें म्हणाला, आणि मग जरा थांबून, “राजानेंही लिहिलेंच आहे कीं, आजोबा! तुम्हींच तर दाखविलें.”

क्षणभर आम्ही निरुत्तर झालों. परंतु पस्तीस वर्षें वर्गावर काढलेल्या माणसास उत्तर सुचावयास वेळ लागत नाहीं. आम्ही म्हणालों, “राजानें आपण काय दिलें तें लिहिलें. एक सबंध गांव देवाला दिलें, तें मागून कोणीं बुडवूं नये म्हणून दगडावर लिहून ठेविलें. तूं काय दिलेंस? नुसता आलास, दशम्या खाल्ल्यास, आणि आपण आलों होतों एवढेंच लिहिणार! आणि ज्यांनीं हे हत्ती घडविले, त्यांनीं प्रत्येक हत्तीवर आपलें नांव घातलें आहे का?”

उत्तर चांगलें होतें. मुलानें मान खालीं घातली, दगड टाकला आणि तो आईकडे गेला. आम्हीं समाधानानें त्या खांबास हात टेकला. आणि टेकलेल्या हाताखालीं खडबडीत अक्षरें लागलीं. वाचकहो, त्या स्पर्शाबरोबर १९७३ सालची ती दुपार आमच्यापुढें उभी राहिली. शेंगदाणे नदीवर खाल्ले, तें मागाहून. त्यापूर्वीं याच मंडपांत, गुरुजी मुलांस घेऊन पुढें गाभाऱ्यांत गेले असतां, आम्ही व आमचा एक सोबती मागें रेंगाळलों होतों. सोबत्याच्या खिशांत खिळा होता. प्रथम त्यानें आपलें नांव काढलें, मग खिळा आम्हांस दिला. अक्षर चांगलें म्हणून वर्गांत आमची ख्याति. ती खांबावरही राहावी अशा बेतानें आम्हीं सावकाश, वळणदार, तीन अक्षरें कोरलीं. त्या वेळीं लाज वाटली नाहीं. उलट, सुंदर निघालें, असें वाटलें. माणसाचें मन किती सोईस्कर विसरतें! पुढें पस्तीस वर्षांत शेंकडों मुलांस आम्हीं ‘बाकांवर नांवें कोरूं नका’ म्हणून छड्या दिल्या. त्यांतल्या एकाही छडीच्या वेळीं हा खांब आठवला नव्हता.

आम्ही तें नांव शोधूं लागलों. एका खांबावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलों. नांवांवर नांवें, त्यांवर आणखी नांवें. कोठें आमच्यासारखें वळण दिसे, पण पुढचें अक्षर जुळेना. सुलेखनाचे वर्ग घेणाऱ्या मास्तरास आपलें स्वतःचें अक्षर ओळखतां येईना. आपण येथें आलों होतों हें पुढच्यांस कळावें म्हणून जें कोरलें, तें खुद्द कोरणाऱ्यासही सांपडेना. नांव गेलें होतें. ओरखडे मात्र सगळे तसेच होते, आणि त्यांतला कोणता तरी एक आमचा होता.

“काय हरवलें, भाऊजी?” वहिनींनीं विचारलें. त्या केव्हां येऊन खांबाशीं बसल्या होत्या, तें आम्हांस कळलें नव्हतें. आम्हीं त्यांस हलक्या आवाजांत सर्व सांगितलें. साठ वर्षांत त्यांनीं आमच्यावर कधीं टीका केली नाहीं. तेव्हांही केली नाहीं. फक्त म्हणाल्या, “हें मला कशाला सांगतां? त्या पोराला सांगा. मघां तुमचा आवाज झाडापर्यंत येत होता.”

वडीलपणाचा अंगरखा उतरवून नातवासमोर उभें राहणें सोपें नसतें, विशेषतः सूनबाई जवळ असतां. पण गेलों, आणि जें झालें होतें तें सांगितलें. नातवानें सर्व ऐकून घेतलें. मग अगदीं गंभीरपणें विचारलें, “तेव्हां तुम्हांला कोणी रागावलें नाहीं?”

“नाहीं. गुरुजींनीं पाहिलें नाहीं.”

“मग मी रागावूं?”

आम्ही हंसलों नाहीं, “रागाव,” म्हणालों. त्यानें थोडा विचार केला. त्यास रागावतां येईना, म्हणून मघाशीं आम्हीं जें विचारलें होतें, तेंच त्यानें विचारलें, “आजोबा, मग तुम्हीं काय दिलें?”

या प्रश्नास वर्गावरचें उत्तर उपयोगी पडलें नाहीं. खरोखर, काय दिलें होतें? तासाभराच्या अंतरावर राहून पन्नास वर्षांत पुन्हां पाऊल टाकलें नव्हतें. शिक्षक असतांना किती सहली नेल्या! मोठीं शहरें दाखविलीं, धरणें दाखविलीं, कारखाने दाखविले. पण एकाही वर्गास ‘चला, हें पाहा, आणि हात जोडून पाहा’ म्हणून येथें आणलें नाहीं. हें देऊळ १९५४ सालीं संरक्षित ठरलें, दाराशीं तशी पाटीही आहे. परंतु खांबापाशीं बसलेल्या मुलाचा हात धरावयास पाटी येत नाहीं. तेथें घरचेंच माणूस लागतें, आणि तें माणूस आपण केलेलें विसरलेलें नसावें लागतें.

म्हणून आमच्या वाचकांपाशीं एवढेंच मागणें आहे. मुलांस जुन्या देवळांत न्याल, तेव्हां नुसतें दर्शन उरकून आणूं नका. त्यांच्या हातांत कागद-पेन्सिल द्या, एखाद्या हत्तीसमोर अर्धा तास बसवा, आणि त्याची सोंड काढतां येते का, तें पाहूं द्या. जें काढावयास आपल्यास अर्धा तास लागला व तरीही जमलें नाहीं, तें दगडांत घडवावयास किती दिवस लागले असतील, हें ज्या मुलास कळलें, तें मूल खिळा उचलणार नाहीं. निघण्यापूर्वीं आमच्या नातवानें तसा एक हत्ती काढला. तो डुकरासारखा दिसतो असें त्याच्या बहिणीचें मत पडलें. तरी खालीं त्यानें आपलें नांव मोठ्या अक्षरांत घातलें आहे, आणि कागदावर तें शोभतें.

परततांना जवळच असलेली आदिनाथाची जुनी बस्ती पाहिली. ऊन उतरलें होतें. वहिनींनीं पुन्हां एकदां स्वर्गमंडपांत जावयाचें म्हटलें, म्हणून त्यांस नेलें. वरच्या गोलांत आकाश फिकट निळें झालें होतें, आणि पोपटांचा एक थवा त्यांतून आरपार गेला. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्रीं चंद्र बरोबर या गोलावर येतो, म्हणून लोक दुरून येतात, असें तेथें कोणीं त्यांस सांगितलें होतें.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “तेव्हां यावयाचें का?”

‘पुढच्या खेपेस पाहूं,’ हे शब्द आमच्या जिभेवर आले होते. ते गिळून आम्हीं “हो” म्हटलें, आणि घरीं येतांच नव्या पंचांगांत त्या तिथीवर खूण केली. कार्तिकास अद्याप अकरा महिने आहेत.